तिसऱ्या मजल्यावरचं डिझेल

आई, सगळ्यांचं तुमच्याबद्दल चांगलं बोलून झालं. आता मी बोलते.

काल तेराव्याला आलेल्या एकूण एक माणसानं हॉलमध्ये बसून तुमचे गोडवे गायले. कष्टाळू बाई, मायाळू बाई, शेवटपर्यंत कुणाला म्हणून त्रास दिला नाही. मी आत पुऱ्या तळत होते. झारा हातात तसाच राहिला. त्रास दिला नाही? अहो, यांच्यातल्या एकानं तरी आठवडाभर आमच्या घरात राहून दाखवावं! तुमच्या फोटोपुढे मोगऱ्याची उदबत्ती चालू आहे, आणि गॅलरीचं दार जरा किलकिलं झालं की मोगऱ्यात डिझेल मिसळतं. आलेली माणसं नाक चोळतात, रुमाल काढतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की रडतायत. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

मला हसू येत नाही. मला किळस येते. लग्न होऊन तुमची सून झाले त्या दिवसापासून येते. तुम्ही गेल्यावर निदान ती तरी जाईल असं वाटलं होतं, पण कसलं काय.

माझं माहेर पुण्याच्या कसबा पेठेतलं. वडिलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, त्यामुळे घरात वास कसला तर चिंचेचा आणि राखेचा. अशी मुलगी पुण्याबाहेरच्या मांजरी गावात दिली, ती 'बागायतदार मंडळी आहेत' या एका वाक्यावर. मी येईपर्यंत बागायत बिल्डरच्या घशात गेली होती. उसाच्या जागी बिल्डिंग उभी होती आणि त्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आपला फ्लॅट. उरली होती ती कालव्याकडची एक पट्टी, दोन सोसायट्यांच्या भिंतींच्या मध्ये, मोठा ट्रॅक्टर वळायचासुद्धा नाही इतकी चिंचोळी. दुसरी बाई असती तर तिथे चार नारळ लावून देवदेव करत बसली असती. तुम्ही पालेभाजी लावलीत आणि छोटा ट्रॅक्टर घेतलात. लाल, बुटका. त्याला तुम्ही बारक्या म्हणायचात. तुमचा थोरला, म्हणजे माझा नवरा नितीन, जेवलाय की नाही हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. बारक्या उपाशी आहे का, हे मात्र तुम्हाला झोपेतही ठाऊक असायचं.

बारक्या राहायचा उघड्यावर, आणि टाकीतलं डिझेल रातोरात गायब व्हायचं. तुम्ही टाकीच्या झाकणाला कुलूप लावलंत, चोरांनी कुलपासकट झाकण नेलं. दुसऱ्या कुणी चौकीवर तक्रार केली असती, नाहीतर राखणदार ठेवला असता. तुम्ही काय केलंत? रोज संध्याकाळी टाकीतलं डिझेल काढायचं, कॅनमध्ये भरायचं, घरी आणायचं आणि सकाळी परत नेऊन ओतायचं. म्हशीची धार काढावी तसं. आणि काढायचं कसं, तर तोंडानं!

शी! आठवतानाही अंगावर काटा येतो. मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर पट्टीवर आले होते, अंगावरची हळदही उतरली नव्हती. तुम्ही नळीचं एक टोक टाकीत सोडलंत आणि दुसरं तोंडात धरलंत. गाल आत गेले, नळीतून पिवळट डिझेल वर चढत आलं, आणि तुम्ही नळी कॅनमध्ये सोडेपर्यंत घोटभर तोंडात आलंच. बांधावर थुंकलात, पदरानं तोंड पुसलंत आणि कनवटीचा गुळाचा खडा काढून तोंडात टाकलात.

"आई, अहो काय हे!"

"काय न्हाय गं. गुळानं जातंय."

"डिझेल? गुळानं?"

"त्येची चव जाती. एवढी शिकलीसवरलीस, आन् एवढं ठावं न्हाय व्हय तुला?"

मग तसंच घरी येऊन तुम्ही भाकरी खायला बसलात. पुढे नातीचे मुकेही त्याच तोंडानं घेतलेत. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं, की हे छातीत गेलं तर जिवावर बेतेल. तुम्ही त्या डॉक्टरांनाच गुळाची ढेप पाठवून दिलीत. मी रविवार पेठेतल्या दुकानातून रबरी फुग्याचा पंप आणला, फुगा दाबला की डिझेल आपोआप चढतं. तुम्ही थोडे दिवस वापरलात आणि म्हणालात, "फुग्याला काय कळतंय, टाकीत किती ऱ्हायलं त्ये? बुडात वाईच ठेवाय लागतंय. समदं काढलं तर इंजान हवा धरतंय." तो फुगा शेवटी आमच्या मनूनं रंगपंचमीला फोडला. तिला कुणी दिला, हे मला माहीत नाही असं समजू नका.

बरं, डिझेल काढलंत तर काढलंत. ते वर कसं यायचं? मंडईतून परत आलेल्या क्रेटमध्ये कॅन, त्याच्यावर उरलेल्या मेथीच्या जुड्या, आणि तुमचा चेहरा देवळात निघाल्यासारखा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत सगळ्या बिल्डिंगला कळायचं, की आजी आल्या. एकदा सोसायटीचे चेअरमन घरी आले.

"काकू, हा ज्वालाग्राही पदार्थ आहे. सोसायटीच्या नियमात बसत नाही."

"तुमची सोसायटी माझ्या उसाच्या सरीत बसलीया, त्ये बसतंय व्हय?" तुम्ही त्यांच्यापुढे चहा ठेवलात. "आन् वासाचं म्हणाल, तर ती आयटीतली पोरं अत्तरात आंघोळ करून लिफ्टात शिरत्यात. त्यांस्नी बी सांगा की जरा."

चेअरमन चहा पिऊन गेले. ते बरोबर होते, आई. शंभर टक्के बरोबर. घरात गॅस, देवघरात निरांजन, रांगतं पोर, आणि गॅलरीत दोन कॅन डिझेल! मी एकदा नाही, रोज सांगत होते. तुमचं आपलं एकच, "पेट्रोलवानी भडकत न्हाय त्ये." मी गॅलरीत वाळूची बादली आणून ठेवली, की वेळ आलीच तर असावी. त्या बादलीत तुम्ही आलं लावलंत.

आणि ते फडकं! ते मी कधी विसरणार नाही. माझ्या आईनं दिलेलं, जुन्या धोतराचं, मऊसूत, चक्का बांधायचं फडकं. पाडव्याला मी चक्का बांधला, साखर घातली, वेलची-जायफळ घातलं, हौसेनं सगळ्यांना वाढलं. नितीननं पहिला घास घेतला आणि गप्प बसला. मनू लहान होती, ती कशाला गप्प बसेल? म्हणाली, "मम्मा, श्रीखंडाला आजीच्या ट्रॅक्टरचा वास येतोय."

त्या फडक्यातून तुम्ही डिझेल गाळलं होतंत. कॅनच्या बुडाला गाळ धरतो, तो टाकीत गेला तर बारक्या खोकतो, म्हणून.

"दुसरं एवढं मऊ फडकं गावलंच न्हाय गं. आन् धुऊन ठिवलं हुतं की!"

धुऊन! मी ते फडकं तुमच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि बरेच दिवस तुमच्याशी बोलले नाही. श्रीखंड कुणीच खाल्लं नाही. तुम्ही मात्र पुढे बसून अख्खी वाटी चाटूनपुसून खाल्लीत आणि वर म्हणालात, "चांगलं झालंय." ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. तशा तुम्ही माझ्या हातच्या कशालाही चांगलं झालंय म्हणायचात. आमटीत मीठ विसरले तरी चांगलं झालंय. भाजी करपली तरी चांगलं झालंय. आम्ही पेठेतली माणसं, आम्हाला टोमणा बरोबर कळतो. मी तो टोमणाच धरून चालले होते.

आता एवढं बोलले आहे तर ते दुसरंही बोलते, नाहीतर मनात राहील. मनूच्या वेळी मला दिवस गेले आणि पोटात पाणी ठरेना. तो वास आला की उलटी. एक दिवस मी रडकुंडीला येऊन नितीनला म्हटलं, की या घरात एकतर डिझेल राहील नाहीतर मी. उद्याच्या उद्या कसब्यात जाते. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, ऐकलंत. संध्याकाळी बघते तर गॅलरी रिकामी. घासून धुतलेली. कॅन नाहीत, क्रेट नाहीत, आणि तुमची वळकटीही नाही. तुम्ही कॅन घेऊन पट्टीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेला होतात. वर पत्रा, खाली ओल, आणि शेजारी घुरघुरणारी मोटार.

मी समजूत काढायला आले, तर तुम्ही लांबूनच हात केलात. "फुडं येऊ नगंस! वास लागंल!"

"आई, घरी चला. लोक काय म्हणतील? सुनेनं सासूला बाहेर काढलं म्हणतील."

"म्हनू द्यात. तेल राखाय कुनी तरी पायजेच की."

मी बाळंत होईपर्यंत तुम्ही तिथे राहिलात. डिझेल सोडलं नाहीत, मला जाऊ दिलं नाहीत, स्वतःच उठून गेलात. मनूची पाचवी पुजून झाली आणि तुम्ही कॅनसकट परत वर आलात. दारात उभ्या राहून म्हणालात, "आता येऊ का?" स्वतःच्या घरात. मी नुसती बाजूला झाले. यावर तुम्हाला काहीतरी म्हणायला हवं, असं इतकी वर्षं वाटत राहिलं. काय म्हणायचं? ज्या वासानं पोट ढवळतं, त्याच वासाच्या माणसाला जवळ कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि लेकाकडे नाही, माझ्याकडे बघितलंत.

"बारक्याच्या टाकीत तेल हाय."

"असू दे."

"चोरत्याल."

"चोरू देत, आई. तुम्ही पडून राहा."

"तू काढशील?"

"मी? तोंडानं? मुळीच नाही."

"गूळ हाय माझ्या डब्यात."

"अहो, गुळानं डिझेल जात नाही!"

"जातंय गं."

तेवढ्यात नर्सनं येऊन मास्क लावला. आपला वाद तिथेच थांबला. लोकांचे आईवडील जाताना देवाचं नाव घेतात, लेकरांना आशीर्वाद देतात. मला कुणी विचारलं, आई शेवटचं काय बोलल्या, तर मी सांगते की काही नाही, शांतपणे गेल्या.

आता दहाव्याचं ऐका. तुम्ही तिथे होतात की नव्हतात, मला माहीत नाही, पण ऐकाच. सुरेखाताईंनी, तुमच्या लेकीनं, घरी भात केला. पातेलं गरम होतं म्हणून तुमच्या कपाटातलं पांढरं फडकं घेऊन त्यात घट्ट बांधलं आणि सगळे नदीवर गेलो. गुरुजींनी त्या भाताचा पिंड केला. कावळ्यांना तोटा नव्हता, बाभळीवर नुसता बाजार भरला होता. एक उतरला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि मागे सरकला. दुसरा आला, तोही तसाच.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची, तर बोला पटकन," गुरुजी म्हणाले. "मागे दुसरी मंडळी थांबलीयेत."

सुरेखाताई रडत रडत म्हणाल्या, "आई, माझी काळजी करू नको, मी सुखात आहे." कावळा ढिम्म. तुमचे भाऊ, मामा, पुढे झाले. "तिचा जीव बारक्यात हाय. नित्या, बोल!"

नितीननं माझ्याकडे चोरून बघितलं. बारक्या विकायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. त्यानं हात जोडले. "आई, बारक्याला विकणार नाही." कावळा जरा पुढे आला. नितीनला चेव चढला. "डिझेलपण घरातच ठेवीन!" मी त्याच्याकडे बघतच राहिले. कावळा अगदी चोच लावायला आला आणि भुर्रकन उडून गेला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग मामा माझ्याकडे वळले.

"सूनबाई, आता तूच बोल. तुमचं दोघींचं काय ऱ्हायलंय त्ये बोल."

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यांना ठाऊक होतं ना, सासूसुनेचं पटत नव्हतं म्हणून. मी पुढे गेले, वाकले, हात जोडले. आणि वास आला.

पिंडाला डिझेलचा वास येत होता, आई. मी वळून पातेल्याकडे बघितलं. तेच फडकं. माझ्या आईच्या हातची शिवलेली कड होती त्याला. मी कचऱ्यात टाकलेलं ते तुम्ही उचललंत, धुतलंत, घडी करून साड्यांच्या खाली जपून ठेवलंत. गरम भाताच्या वाफेनं त्यातलं होतं नव्हतं तेवढं डिझेल भातात उतरलं होतं. मला ओकारी आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. मी तोंडावर पदर दाबला. लोकांना वाटलं, हुंदका.

एकच वाक्य बोलायचं होतं. 'मंडळी, भाताला डिझेलचा वास येतोय.' बस. नितीनचं वचन तिथल्या तिथे रद्द. बारक्या गेला असता, कॅन गेले असते, माझी गॅलरी मला परत मिळाली असती, तुळस ठेवायला, कपडे वाळत घालायला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते सगळं माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे चारचौघांत काय सांगायचं? की कावळ्यालासुद्धा तुमची किळस आली? तुमची किळस करायचा हक्क माझा आहे, आई. रोज तुमच्या पंक्तीला बसून मिळवलाय तो मी. घाटावरच्या लोकांना कशाला देऊ?

मनूसाठी घरून डब्यात साधा भात आणला होता. तो काढला. "गुरुजी, पहिला भात कच्चा राहिलाय. हा घ्या."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, नाक जरासं ओढलं आणि नवा पिंड केला. पुण्यातले गुरुजी. वेळ वाचतोय म्हटल्यावर त्यांना बाकी कशाशी देणंघेणं नसतं. मी हात जोडून हळूच म्हटलं, "वाढलंय. जेवा आता." मी मागे सरकायच्या आत कावळा आला आणि असा तुटून पडला की विचारू नका. "काय कबूल केलं गं सुनेनं?" बायका एकमेकींना विचारत होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. पहिला पिंड नदीत सोडला. नदीला त्याचं काय होणार? मांजरीपर्यंत येईस्तोवर तिच्यात अख्खं पुणं उतरलेलं असतं.

तर आता बारक्या राहणार. डिझेल राहणार. तुम्ही जिंकलात. जिवंतपणी एकदाही हरला नाहीत, आणि मेल्यावरही नाही.

पाहुणे होते तोवर मामा पट्टीवर झोपायचे, म्हणून टाकी शाबूत राहिली. आज मामा गावी गेले. संध्याकाळी नितीन नळी घेऊन निघाला, मी कॅन घेऊन मागे. शब्द देणारा तोच ना? त्यानं नळी ओठांना लावली मात्र, आणि नुसत्या वासानंच बांधावर बसून भडाभडा ओकला. म्हणाला, "शुभा, उद्या कुणाला तरी बोलावू." उद्यापर्यंत टाकीत काय राहिलं असतं, चोरांचा नमस्कार?

"दे इकडे," मी म्हटलं.

तुमच्यासारखे गाल आत ओढले. नळी धुरकट झाली आहे, आतलं दिसत नाही, त्यामुळे कधी आलं ते कळलंच नाही. घोटभर नाही, तोंडभर. जिभेवर, हिरड्यांत, नाकात, डोळ्यांत पाणी. शी, शी, शी! मी थुंकले, परत थुंकले, नितीन पाठीवर हात फिरवत राहिला. पण नळी सोडली नाही. कॅन भरला. बुडात थोडं ठेवलं. मग तुमच्या डब्यातला गूळ काढला. हो, नेला होता बरोबर. खडा तोंडात टाकला, चघळला. दुसरा टाकला. घरी येऊन चुळा भरल्या, दात घासले, लिंबू चोखलं. जेवायला बसले, तर आमटीला तीच चव, भाताला तीच, पाण्यालासुद्धा तीच. मनू मांडीवर यायला लागली तर मी तोंड फिरवलं.

गुळानं जात नाही, आई. कधीच जात नव्हतं. वाद मी जिंकले. पण मग तुम्ही रोज संध्याकाळी याच तोंडानं मी वाढलेल्या पानावर येऊन बसत होतात. माझ्या हातचं एकही जेवण तुम्हाला धड लागलं नसणार. आणि तरी पहिला घास घेतला की माझ्याकडे बघून म्हणायचात, चांगलं झालंय.